उंबरठ्यावरचे वॉरंट : बेलिफ, जप्ती आणि थकलेला दंड

न्यायाधीशाने निकालपत्रावर सही केली की प्रकरण संपले, असा सर्वसाधारण समज असला, तरी पैशाच्या दाव्यात आणि दंडाच्या शिक्षेत खरी कसोटी त्यानंतरच लागते. कारण देणे ठरवणे आणि देणे वसूल करणे ही दोन वेगळी कामे असून, दुसऱ्या कामासाठी न्यायालयाला कोणाच्या तरी घरापर्यंत, दुकानापर्यंत किंवा पगारापर्यंत पोहोचावे लागते. दिवाणी न्यायालयाच्या वतीने हे काम बेलिफ करतो. नाझराच्या, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातल्या वरिष्ठाच्या, हाताखाली राबणारा, तालुक्यातल्या गावोगावी समन्स आणि नोटिसा बजावत फिरणारा, आणि प्रसंगी जप्तीचे किंवा कब्जाचे वॉरंट घेऊन दारात उभा राहणारा हा कर्मचारी न्यायव्यवस्थेच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर असतो. पण ज्याने न्यायालयाची पायरी कधी चढलेली नाही, अशा माणसाला न्यायालय म्हणून तोच दिसतो, आणि त्यामुळे त्याची धास्ती त्याच्या प्रत्यक्ष अधिकारांपेक्षा कितीतरी मोठी होऊन बसते.

बेलिफाला स्वतःचा असा कोणताही अधिकार नसतो. त्याच्याजवळ जे काही असते ते सारे त्याच्या हातातल्या कागदातून आलेले असते. तो रक्कम कमी करू शकत नाही, मुदत वाढवून देऊ शकत नाही, निकाल बरोबर की चूक हे ऐकून घेण्याचेही त्याला कारण नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या ज्या कायद्याने दिवाणी न्यायालयांचे कामकाज चालते त्याच्या, एकविसाव्या आदेशानुसार अशा प्रत्येक वॉरंटावर ते काढल्याची तारीख, अधिकाऱ्याची सही, न्यायालयाचा शिक्का आणि ते कोणत्या दिवसापर्यंत बजावायचे ती मुदत असावीच लागते, आणि बजावणी झाली तर कशी झाली, झाली नाही तर का झाली नाही, याचा शेरा मारून बेलिफाला तो कागद न्यायालयाकडे परत करावा लागतो. म्हणूनच दारात आलेल्या माणसाशी हुज्जत घालण्यापूर्वी त्याचे ओळखपत्र आणि वॉरंट शांतपणे पाहणे, दरखास्त (म्हणजे अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज) क्रमांक, पक्षकारांची नावे, रक्कम आणि मुदतीची तारीख टिपून घेणे, हा नागरिकाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त हक्क आहे. मुदत उलटून गेलेल्या वॉरंटावर जप्ती करता येत नाही, आणि वॉरंटात ज्याचे नाव नाही अशा माणसाच्या मालावर त्या वॉरंटाचा अंमल चालत नाही.

या कागदामागचे देणे कोणत्या जातीचे आहे, यावर मात्र पुढचे सगळे अवलंबून असते. लोकांच्या बोलण्यात ‘दंड भरला नाही म्हणून जप्ती आली’ हे वाक्य सरसकट वापरले जाते. प्रत्यक्षात त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवून सुनावलेला दंड ही शिक्षा असते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, म्हणजे कोर्टात सर्रास ज्याला डिक्री म्हणतात त्याने, ठरलेली रक्कम हे एका पक्षकाराचे दुसऱ्याकडून येणे असते. आणि वाहतूक पोलिसांचे ई-चलान, बँकेची मागणी किंवा वकिलाची नोटीस यांत अजून कोणत्याही न्यायालयाने काही ठरवलेलेच नसते. बेलिफ येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात. पहिल्यात वॉरंट पोलिसांकडे किंवा महसूल खात्याकडे जाते. आणि तिसऱ्यात दारात येणाऱ्याला दार उघडावे की नाही हे घरमालकाने ठरवायचे असते.

चलानाबद्दल अधिक सांगायला हवे, कारण मोबाइलवर आलेल्या संदेशाने घाबरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मोटार वाहन कायद्याखालचे चलान म्हणजे नियमभंगाचा आरोप आणि त्यासोबत तडजोडीची रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवण्याची दिलेली संधी होय. ती रक्कम मान्य नसेल तर आरोप नाकारण्याचा आणि प्रकरण न्यायालयासमोर नेण्याचा मार्ग वाहनमालकाला मोकळा असतो, आणि न्यायालयाने दोषी ठरवून दंड ठोठावल्यावरच त्याला शिक्षेचे स्वरूप येते. न भरलेल्या चलानामुळे परिवहन कार्यालयातली कामे अडू शकतात, ती साचली की डोईजड होतात, आणि लोकअदालतीत ती निकाली काढण्याची सोयही अधूनमधून होते, हे सारे खरे. पण केवळ चलान थकले म्हणून कोणी घरातला दूरदर्शन संच उचलून नेत नाही. तशी धमकी देऊन तत्काळ पैसे पाठवायला सांगणारा संदेश किंवा फोन आला, तर तो फसवणुकीचाच समजावा.

न्यायालयाने सुनावलेल्या दंडाची वसुली कशी होते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ मध्ये सांगितले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम ४२१ मध्ये होती. न्यायालयापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे आरोपीची जंगम मालमत्ता, म्हणजे हलवता येण्याजोग्या चीजवस्तू, जप्त करून विकण्याचे वॉरंट काढणे. आणि दुसरी म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायला सांगणे. या दुसऱ्या वाटेने गेले की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची यंत्रणा हलू लागते आणि तहसील कार्यालयाची मागणी नोटीस घरी येते, जमिनीपर्यंतही हात पोहोचू शकतो. मात्र अशा वॉरंटावरून दंड झालेल्या व्यक्तीला अटक करता येत नाही किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, अशी स्पष्ट मनाई त्याच कलमात आहे. शिवाय दंड न भरल्याबद्दलची कैद ज्याने पूर्ण भोगली आहे, त्याच्याविरुद्ध पुन्हा वसुलीचे वॉरंट काढायचे असेल तर न्यायालयाला त्याची खास कारणे लिहून ठेवावी लागतात. या संरक्षणाला एक महत्त्वाचा अपवाद आहे: दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई द्यायचा आदेश झाला असेल, तर कैद भोगूनही देणे फिटत नाही. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत, जिथे धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यातून तक्रारदाराला भरपाई दिली जाते, तिथे ‘चार महिने आत जाऊन येतो, मग पैशाचा प्रश्न मिटला’ असा हिशेब करणारे याच अपवादावर आपटतात.

दंडाची रक्कम एकरकमी भरणे शक्य नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे आणि तरीही ते फार थोड्यांना ठाऊक असते. केवळ दंडाची शिक्षा झाली असून तो न भरल्यास कैद असा आदेश असेल, तर न्यायालय ती रक्कम भरायला तीस दिवसांपर्यंतची मुदत देऊ शकते, किंवा दोन वा तीन हप्ते पाडून देऊ शकते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो निकालाच्या दिवशीच केलेला बरा. त्याचप्रमाणे दंडाऐवजीची कैद किती असावी यालाही मर्यादा आहे: ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही सांगितले आहेत तिथे ती त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही, आणि जिथे फक्त दंडच सांगितला आहे तिथे भारतीय न्याय संहितेनुसार पाच हजारांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंतच्या दंडाला चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष अशी कमाल साध्या कैदेची पायरी आहे. ही कैद चालू असताना दंड भरला की सुटका होते, आणि काही भाग भरला तर त्या प्रमाणात कैद कमी होते. कायद्यातलेच उदाहरण घ्यायचे तर एक हजार रुपये दंड आणि तो न भरल्यास चार महिने कैद झालेल्या माणसाच्या वतीने पहिला महिना संपण्याआधी साडेसातशे रुपये भरले गेले, तर महिना संपताच त्याला सोडावे लागते. दंड वसूल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे शिक्षेपासून सहा वर्षे असते, आणि त्या काळात दंड झालेली व्यक्ती वारली तरी तिची जी मालमत्ता तिच्या इतर देण्यांना बांधील राहिली असती, ती दंडालाही बांधील राहते. वारसांना स्वतःच्या खिशातून तो भरावा लागत नाही. मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरताच तो भार असतो.

बेलिफ दार फोडून आत येऊ शकतो का, हा प्रश्न भारतात विचारला जाण्याच्या कितीतरी आधी लंडनमध्ये विचारला गेला होता. ब्लॅकफ्रायर्स भागातल्या एका घराचे दोन सहमालक होते; त्यांपैकी एक कर्ज मागे ठेवून वारला, त्याचा माल त्याच घरात होता, आणि सावकार सेमेन याच्या वतीने न्यायालयाचे अधिकारी तो माल ताब्यात घ्यायला आले तेव्हा दुसऱ्या सहमालकाने, ग्रेशमने, दार लावून घेतले. सेमेनने त्याच्यावर दावा लावला आणि तो हरला. १६०४ च्या या निकालाचा वृत्तान्त एडवर्ड कोक यांनी लिहून ठेवला असून, त्यातली विभागणी आजवर टिकून आहे: खाजगी सावकाराच्या देण्यासाठी घराचे बाहेरचे दार फोडता येत नाही, पण राजा स्वतः पक्षकार असेल तर आधी कारण सांगून, दार उघडण्याची विनंती करून, आणि ती नाकारली गेल्यावर अधिकारी दार फोडू शकतो. दंड हा राजाकडे जमा होणारा पैसा असल्यामुळे तो या दुसऱ्या कप्प्यात पडला. इंग्लंड आणि वेल्समध्ये आजही तेच दिसते. तिथले बेलिफ आता बहुतांशी खाजगी कंपन्यांचे, न्यायालयाचे प्रमाणपत्र घेतलेले वसुली अधिकारी असतात. मॅजिस्ट्रेट न्यायालयाचा फौजदारी दंड वसूल करताना त्यांना वाजवी बळ वापरून घरात शिरता येते, पण स्थानिक परिषदेचा कर किंवा पार्किंगचे दंडशुल्क वसूल करताना पहिल्या भेटीत तसे करता येत नाही, तेव्हा फक्त उघड्या दारातून किंवा घरच्यांनी आत घेतले तरच प्रवेश मिळतो.

लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरला शिकायला आणि नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना या फरकाची झळ बसते ती बहुधा घर बदलल्यावर. पार्किंगच्या दंडाची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि पहिली बातमी कळते ती चाकाला लागलेल्या कुलपाने. त्या देशात २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वसुली अधिकाऱ्याने आधी किमान सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, सकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेतच यावे लागते, आणि घरात केवळ सोळा वर्षांखालचे मूल असेल तर त्याला आत शिरता येत नाही. खर्चाचा बोजाही देणेकऱ्यावरच पडतो: २०१४ साली ठरवलेल्या दरांनुसार नुसते प्रकरण हाती घेतल्याचे ७५ पौंड आणि प्रत्यक्ष घरी येण्याचे आणखी २३५ पौंड. सूचना मिळताच बोलणी करण्यात किती पैसे वाचतात, हे यातल्या दुसऱ्या आकड्यातून दिसते.

भारतातल्या दिवाणी प्रक्रिया संहितेने उंबरठ्याचा हा नियम आणला तो मात्र बदल करून. कलम ६२ नुसार जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्याही राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचे दार फोडण्याची मुभा एकाच परिस्थितीत आहे: घर खुद्द देणेकऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे आणि त्याने प्रवेश नाकारला असला किंवा कोणत्याही रीतीने अडवला असला पाहिजे. देणेकऱ्याचा माल शेजाऱ्याच्या किंवा मेहुण्याच्या घरात आहे अशी खबर असली, तरी त्या तिऱ्हाइताचे दार फोडता येत नाही. एकदा रीतसर आत शिरल्यावर मात्र ज्या खोलीत माल असावा असे सकारण वाटते तिचे दार उघडता येते, म्हणजे बाहेरच्या दाराला जे संरक्षण आहे ते आतल्या कुलपाला नाही. पडदा पाळणाऱ्या स्त्रीच्या ताब्यात खोली असेल तर तिला बाहेर पडण्याची सूचना, पुरेसा वेळ आणि सोय द्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाची छाप असलेली ही तरतूद आजही पुस्तकात तशीच आहे. व्यवहारात या सगळ्याचा अर्थ असा, की कोर्टाचे वॉरंट खरे असेल आणि घर देणेकऱ्याचेच असेल, तर दार लावून बसण्यात शहाणपण नाही. त्याने जप्ती टळत नाही, उलट पोलीस बंदोबस्त मागवला जातो आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. जप्ती चुकवण्यासाठी आदल्या रात्री सामान हलवणे हाही गुन्हाच आहे.

काय जप्त होऊ शकत नाही, हा या विषयाचा गाभा, आणि तो कलम ६० मध्ये सापडतो. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रिवाजानुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, म्हणजे महाराष्ट्रात अर्थातच मंगळसूत्र, यांना हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी गुरे आणि बी-बियाणे, शेतकरी, मजूर किंवा घरकामगार यांचे स्वतःच्या मालकीचे राहते घर, हिशेबाच्या वह्या, मजुरांची मजुरी, निवृत्तिवेतन आणि उपदान, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम या साऱ्यांना कायद्याने जप्तीबाहेर ठेवले आहे. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र किंवा न्हाव्याची पेटी उचलू पाहणाऱ्या बेलिफाला याच कलमाचा हवाला देऊन थांबवता येते, आणि त्याने ऐकले नाही तरी न्यायालयात अर्ज करून वस्तू परत मिळवता येते. पगारदाराच्या बाबतीत पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीयोग्य पगार ३१ हजार रुपये असेल तर त्यातले एक हजार वगळून राहिलेल्या ३० हजारांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दरमहा १० हजार रुपयेच कापता येतात, आणि अशी कपात एकूण २४ महिने झाल्यावर पुढचे १२ महिने पगाराला हात लावता येत नाही. एकाच हुकूमनाम्यासाठी ती झाली असेल तर त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र ही सवलत आक्रसते आणि पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो. पतपेढीच्या कर्जाच्या अर्जात बारीक अक्षरात ‘या सर्व सवलती मी सोडून देत आहे’ असे लिहून त्याखाली सही घेतली असली, तरी ती सही निरर्थक आहे, कारण असा करार याच कलमाने रद्दबातल ठरवला आहे.

ही सूट दयेपोटी आलेली नाही, आणि तिच्या मुळाशी असलेल्या घडामोडींत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १८५९ च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेनंतर दख्खनच्या गावांत सावकाराच्या हाती कोर्ट नावाचे नवे हत्यार आले. समन्स न मिळाल्याने किंवा मिळूनही तालुक्याला जाण्याची ऐपत नसल्याने कुणबी गैरहजर राहत, एकतर्फी हुकूमनामे होत, आणि मग बेलिफ गावात येऊन गुरे, भांडी, प्रसंगी घराचे वासेही लिलावात काढी. कापसाच्या तेजीनंतरची मंदी आणि वाढलेला शेतसारा यांची त्यात भर पडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, आणि त्यानंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत जे लोण पसरले त्यात माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यावर भर होता. कशाची होळी करायची हे त्यांना नेमके कळलेले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, आणि खास गहाण नसलेली त्याची स्थावर मालमत्ता जप्त करता येणार नाही, ही दोन तत्त्वे त्या कायद्याने घालून दिली. आज शेतकऱ्याच्या औताला जे संरक्षण मिळते त्याकडे केवळ संहितेतला एक पोटविभाग म्हणून पाहिले, की सुप्याच्या बाजारपेठेतला तो दिवस नजरेआड होतो.

कलम ६० मुळात दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी आहे. फौजदारी दंडाच्या वॉरंटाला ते जसेच्या तसे लागू पडते असे गृहीत धरून चालत नाही, आणि तिथे राज्याचे वसुलीचे नियम आणि न्यायाधीशापुढे केलेला अर्ज यांवरच भिस्त ठेवावी लागते. राजाचे देणे आणि सावकाराचे देणे यांच्यातला जुना भेद इथेही डोके वर काढतोच.

प्रत्यक्ष जप्ती कशी होते हे माहीत असले की निम्मी घबराट कमी होते. बेलिफासोबत बहुधा हुकूमनामाधारक किंवा त्याचा माणूस असतो आणि माल तोच दाखवून देतो. पंच बोलावले जातात. एकेक वस्तू नोंदवत पंचनामा लिहिला जातो. या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, वस्तूंचे वर्णन ढोबळ असेल तर ते नेमके करायला सांगावे, कारण ‘एक फ्रीज’ आणि ‘अमुक बनावटीचा, चालू स्थितीतला, अमुक लिटरचा फ्रीज’ यांत लिलावाच्या वेळी बरेच अंतर पडते. एखादी वस्तू भाऊ, सून, भाडेकरू किंवा हप्त्याने देणारी कंपनी यांच्या मालकीची असेल तर ते तिथल्या तिथे सांगून नोंदवून घ्यावे. जप्त मालाची जबाबदारी बेलिफावर असते. गुरे, अवजारे किंवा सहज हलवता न येणाऱ्या वस्तू गावातल्याच एखाद्या विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात सुपुर्दनामा लिहून घेऊन ठेवता येतात, आणि असा सुपुर्ददार होण्यापूर्वी त्या व्यक्तीने हे लक्षात घ्यावे की वस्तू मागितल्यावर हजर करण्याची जबाबदारी आता तिच्यावर आली.

तिऱ्हाइताचा माल चुकून जप्त झाला, तर एकविसाव्या आदेशाच्या नियम ५८ खाली हरकत घेता येते आणि न्यायालयाला मालकीचा प्रश्न तपासून निर्णय द्यावाच लागतो. पण माल विकला गेल्यावर आलेली, किंवा मुद्दाम उशिरा घेतलेली हरकत विचारात घेतली जात नाही. पावती, विम्याचे कागद, बँकेचे खातेउतारे यांसह अर्ज जितक्या लवकर जाईल तितका बरा. विक्रीलाही घाई चालत नाही: लिलावाचा जाहीरनामा न्यायालयात लागल्यापासून जंगम मालासाठी किमान सात दिवस आणि स्थावर मालमत्तेसाठी किमान पंधरा दिवस जावे लागतात, देणे फिटेल एवढाच माल विकायचा असतो, विक्रीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्याला स्वतः बोली लावता येत नाही, आणि हातोडा पडण्यापूर्वी कोणत्याही क्षणी संपूर्ण रक्कम व खर्च पुढे केला तर लिलाव थांबवावा लागतो. नाशवंत मालाला ही मुदत मिळत नाही. द्राक्षाच्या पेट्यांनी न्यायालयाच्या वेळापत्रकाची वाट पाहावी अशी अपेक्षा कायदाही करत नाही.

अटकेची धमकी सर्रास दिली जाते, पण तिच्यामागे कायदा फारसा उभा राहत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी कोणालाच दिवाणी कैदेत ठेवता येत नाही. त्यापुढच्या रकमेसाठीही, ऐपत असूनही देणेकरी टाळाटाळ करतो किंवा मालमत्ता लपवतो अशा प्रकारची बाब न्यायालयाला पटली पाहिजे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केवळ गरिबीमुळे देणे न फेडू शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे हे घटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत असल्याचे स्पष्ट केले. पोटगीच्या थकबाकीची गोष्ट वेगळी आहे, कारण कुटुंबातल्या आश्रितांच्या पोटगीचा फौजदारी आदेश दंडासारखा वसूल केला जातो आणि वॉरंट काढूनही रक्कम न मिळाल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मूल उपाशी राहू नये म्हणून बापाला दिलेला हा धाक कायद्याने जाणूनबुजून ठेवलेला आहे, आणि तो योग्यच आहे.

बँका आणि वित्तसंस्था यांचे वसुली प्रतिनिधी हे बेलिफ नव्हेत, हे पुन्हा सांगावे लागते कारण त्यांचा आविर्भाव अनेकदा बेलिफाहून वरचढ असतो. त्यांना घरात शिरण्याचा, वस्तू उचलण्याचा किंवा वाहन अडवून हिसकावण्याचा कोणताही न्यायालयीन अधिकार नसतो, आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार थकबाकीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोनही करता येत नाही. याउलट खरा बेलिफ सरकारलाही सोडत नाही. भूसंपादनाचा वाढीव मोबदला न्यायालयाने ठरवूनही वर्षानुवर्षे न मिळालेल्या शेतकऱ्यांच्या दरखास्तींत जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची, कार्यालयातले संगणक किंवा सरकारी गाडी जप्त करायला बेलिफ पोहोचल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येतात, आणि तेव्हा मुदत मागण्यासाठी धावणारे अधिकारी नेमके तेच करतात जे सामान्य देणेकऱ्याने करायला हवे: वकील गाठतात, न्यायालयात अर्ज देतात आणि काही रक्कम लगेच भरण्याची तयारी दाखवतात. ज्यांना वकील परवडत नाही अशा लोकांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक त्यासाठीच आहे.

पैसे भरण्याची वेळ येते तेव्हाही एक खाचखळगा उरतो. बेलिफाच्या हातात रोख रक्कम दिली तर तिची रीतसर पावती तिथल्या तिथे घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे रक्कम थेट न्यायालयात किंवा बँकेमार्फत भरावी. हुकूमनामाधारकाशी बाहेरच्या बाहेर तडजोड करून पैसे दिले आणि त्याची नोंद न्यायालयात झाली नाही, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय त्या रकमेची दखल घेत नाही, आणि तीच वसुली दुसऱ्यांदा अंगावर येऊ शकते. अशी नोंद करून घेण्याचा अर्ज देणेकरीही करू शकतो, पण त्याची मुदत रक्कम दिल्यापासून अवघी तीस दिवसांची आहे. ती गाठून दरखास्त निकाली निघाल्याच्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढावी, आणि पगारावर किंवा सातबाऱ्यावर जप्तीचा शेरा चढला असेल तर ती नक्कल नेऊन तो उतरवून घ्यावा.